लेक वाढवताना
(जोडप्यांच्या बैठकीत एका शेतकरी बापाने केलेले भाषण)



मी तुमच्यासारखाच गोंडपिपरी तालुक्यातला शेतकरी. तीन एकर वावर आहे. त्यात धान होतो, थोडी पऱ्हाटी लावतो. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, बाकी दिवस मजुरी. घरात माझी म्हातारी माय, आम्ही नवरा-बायको आणि दोन लेकी. थोरली सात वर्षांची, दुसरीत शिकते. धाकटी दोन वर्षांची आहे. मुलगा नाही, आणि आता होणारही नाही, कारण मी स्वतः नसबंदी करून घेतली आहे. ती गोष्ट पुढे सांगतो. आज बोलायचं आहे ते बापानं लेक वाढवण्याविषयी.

आपल्याकडे लेकरू रडलं की ते आईचं, शहाणं निघालं की बापाचं! त्यातही पोरगी म्हटली की बाप दोन हात लांबच राहतो. कमवून आणलं की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो. पण लेकीला बापाकडून धान्यापेक्षा जास्त काही लागतं. ते काय, हे मी गेल्या सात वर्षांत घरी पाहतो आहे. तेवढंच तुम्हाला सांगतो.

मुलगी झाली, यात बाईचा काय दोष?

आमची धाकटी झाली तेव्हा गावातली एक आजीबाई पाहायला आली. दारातूनच म्हणाली, "दुसरीबी पोट्टीच का गा? मंग म्हातारपणी कोण पायल तुले?" माझी बायको बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी म्हणालो, "आजी, आतमध्ये या, लेकीले आशीर्वाद द्या. जे विचाराचं ते मले विचारा, तिले नाही."

कारण शास्त्र काय सांगतं ते ऐका. बाईच्या बीजात एकाच जातीचं गुणसूत्र असतं, त्याला एक्स म्हणतात. पुरुषाच्या बीजात दोन जातींची असतात, एक्स आणि वाय. पुरुषाचं एक्स गेलं तर मुलगी, वाय गेलं तर मुलगा. म्हणजे वावरात तूर पेरली तर तूरच उगवणार. धान का उगवला नाही म्हणून वावराला कोणी शिव्या देतं का? आणि कोणतं बीज जाईल हे पुरुषाच्याही हातात नाही. मग बोल कोणाला लावायचा? आलेल्या लेकीचं कौतुक करावं, हेच शहाणपण.

आकडे काय सांगतात?

निसर्गानं हजार मुलगे जन्मतात तेव्हा साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. आता आपल्या महाराष्ट्राचे जनगणनेचे आकडे पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली किती? १९९१ साली ९४६. २००१ साली ९१३. २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली अवघ्या ८०७! या मुली गेल्या कुठे? त्या पोटातच खुडल्या गेल्या. गर्भाचं लिंग तपासण्याविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ साली तो देशभर झाला. तपासणारा आणि तपासायला लावणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात.

सातारा जिल्ह्यात काही मुलींची नावंच 'नकोशी', 'नकुसा' अशी ठेवलेली होती. नको असताना आली, म्हणून नकोशी! विचार करा, शाळेत हजेरी घेताना रोज त्या पोरीला काय वाटत असेल. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्हा परिषदेनं अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली. नाव बदलायला एक दिवस पुरला. मन बदलायला बापालाच पुढे यावं लागतं.

त्याच २०११ च्या जनगणनेत आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत हा आकडा ९५० च्या वर होता. जंगलातला अडाणी मुलूख म्हणून लोक आपल्याला हिणवतात, पण लेकीच्या बाबतीत आपण पुष्कळांपेक्षा शहाणे निघालो! आपल्या गोंड समाजात जुनी रीत अशी की मुलाकडचे लोक मुलीच्या बापाला देज देतात. लेक म्हणजे घरातलं काम करणारं, कमावणारं माणूस, तिची किंमत आहे, हे त्या रीतीत होतं. आता शहराचं पाहून आपल्याकडेही हुंडा शिरतो आहे. हुंड्याविरुद्ध १९६१ सालापासून कायदा आहे. चांगलं ते घ्यावं शहराकडून, ही कीड कशाला घ्यायची?

आलेलं लेकरू जगलं पाहिजे

जुनी माणसं म्हणत, "चार झाले तं दोन वाचतीन." तेव्हा ते खरं होतं. आज तसं नाही, आणि याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून तयार केलं. बाळ जन्मलं की ती बाई घरी जायची. बाळाचं वजन करायची, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायची, आजार ओळखून औषध द्यायची. तीन वर्षांत तिथं नवजात बाळांचं मरण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ साली हे जगापुढे आलं, आणि पुढे तीच पद्धत देशभर गेली. आज आशाताई तुमच्या दारी बाळ पाहायला येते, ती याच वाटेनं.

तेव्हा बापानं काय करायचं? आशाताई आली की उठून वावरात जायचं नाही. बसून ऐकायचं. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. जन्माच्या वेळचं वजन पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हायला पाहिजे. लसीचे दिवस लक्षात ठेवायचे. जन्मल्याबरोबर, मग दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांनी, पुढे दीड वर्षानं आणि पाच वर्षांनी. आमच्या घरी ते कार्ड मी सांभाळतो, सातबाऱ्याच्या पिशवीत. कारण सातबारा आपण हरवू देत नाही!

ताटातली वाटणी

आता रोजची गोष्ट. आपल्या घरात आधी कोण जेवतं? पुरुष. मग पोरं. मग पोरी. शेवटी बाई, गंजात उरलं असेल ते. वरण पातळ होत जातं, भाजी संपून जाते, आणि मग आपणच म्हणतो, "बाई कमजोर आहे, पोरगी फिक्की दिसते." फिक्की दिसणार नाही तर काय?

आमच्या घरी एक नेम केला आहे. रात्री सगळे एकाच वेळी जेवतो, आणि वाढतो मी. अंडी आणली तर जितकी माणसं तितके वाटे. शेवग्याची भाजी, चवळी, तुरीचं वरण, जवसाची चटणी, हे सगळं आपल्याच वावरातलं आणि परसातलं. यात खर्च नाही, फक्त वाटणी सरळ पाहिजे. शाळेत पाच ते नऊ वर्षांच्या लेकरांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी मिळते, दहा ते एकोणीस वर्षांच्यांना निळी. ती जेवणानंतर घ्यायची. पोरगी "मळमळते" म्हणून टाकून देत असेल तर तिला समजावून सांगायचं काम बापाचंही आहे.

आणखी एक. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. आदिवासी समाजात आहे, दुसऱ्या समाजांतही आहे. पोरगी वारंवार आजारी पडते, हातपाय दुखतात म्हणते, डोळे पिवळे दिसतात, तर बाहेरची बाधा समजून बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. ज्याच्यात आजाराचा अर्धाच अंश असतो त्याला वाहक म्हणतात. तो दिसायला धडधाकट असतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारांत एक लेकरू आजारी होण्याचा धोका असतो. म्हणून सोयरीक करताना पत्रिका पाहा की न पाहा, रक्ताचा कागद मात्र अवश्य पाहा!

मिरची तोडणी आणि शाळा

आता जे सगळ्यांत कठीण, ते बोलतो. धानाचं काम सरलं की आपली माणसं टोळीनं नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात. मीही जातो. पोट आहे, कर्ज आहे, जावं लागतं. जोडपं गेलं की लेकरं सोबत जातात. तिथं पोरगी काय करते? धाकट्याला कडेवर घेऊन मिरचीच्या धाबळ्यांत बसते, पाणी भरते, भात शिजवते. परत येईस्तोवर शाळेचे दोन-अडीच महिने गेलेले असतात, परीक्षा डोक्यावर आलेली असते. पुढच्या वर्षी ती मागं पडते. तिसऱ्या वर्षी म्हणते, "बाबा, मले शाळेत नाही जाचं." आणि आपण म्हणतो, "पोरीचं डोकंच नाही." डोकं होतं. ते मिरचीच्या वावरात राहून गेलं.

थोरली पहिलीत गेली त्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी आला. आम्ही दोघं रात्रभर हिशेब करत होतो. दोघं गेलो तर दोन मजुऱ्या, पण पोरीची शाळा बुडते. एक गेला तर एक मजुरी, शाळा वाचते. बायको म्हणाली, "मजुरी पुढच्या सालीबी भेटल. पयली इयत्ता पुन्हा येत नाही." त्या एका वाक्यावर निर्णय झाला. मी एकटा टोळीत गेलो, ती लेकींजवळ राहिली. त्या साली घराला पत्रे टाकायचे होते, ते राहिले. अजून कौलंच आहेत. पावसात एका कोपऱ्यात गळतं. पण पोरगी दुसरीचं पुस्तक घडाघडा वाचते.

ज्यांना दोघांनाही जावंच लागतं त्यांनी लेकराला आजीजवळ, मावशीजवळ, भरवशाच्या घरी ठेवावं. बाहेरगावी जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची सोय असते. तिची चौकशी मुख्याध्यापकांकडे जाण्याच्या आधी करावी, गाडीत बसताना नव्हे!

मी तिकडे असताना पोरगी रोज रात्री फोनवर मला धडा वाचून दाखवायची. एका रात्री तिनं विचारलं, "बाबा, तिकडच्या पाट्या तुम्हाले वाचता येते का?" मी म्हणालो, "नाही बाई, तेलुगू आहे." तर म्हणते, "मग मोजून पैसे देते का नाही, ते कसं समजते?" सात वर्षांची पोर! टोळीतल्या आम्ही दहा माणसांनी मुकादमाला जो प्रश्न विचारला नव्हता तो तिनं विचारला. दुसऱ्या दिवशी मी वहीत रोजचा हिशेब लिहायला लागलो.

लेकीला शिकवायला बाप फार शिकलेला लागत नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत संध्याकाळी आम्ही अंगणात पुडके बांधतो. ती शेजारी बसते. सत्तर पानांचा एक पुडका, तर दहा पुडक्यांची पानं किती? ती आधी बोटांवर मोजायची, आता तोंडी सांगते. जंगलात मात्र तिला नेत नाही. पानं आणणं आपलं काम, मोजणं तिचं.

पुढे शाळा दूर होते तेव्हा बाप घाबरतो. भीती खोटी नाही. कन्हाळगाव अभयारण्य आपल्या लगतच आहे, वाघ गावाशेजारून फिरतो. पण त्यावर उपाय पोरीला घरी बसवणं हा नाही. चार बापांनी मिळून पाळी लावावी. आज तुम्ही पोरींना रस्त्यापर्यंत सोडा, उद्या मी सोडतो. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. गाडी येत नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा. आणि पुढचं शिक्षण म्हणाल तर २०११ सालापासून गडचिरोलीला आपल्या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ आहे. नागपूरच लागतं असं आता राहिलं नाही.

बापाचं वागणं, लेकीचं शिकणं

लेक बापाकडे सारखी पाहत असते. तुम्ही तिच्या आईशी कसं बोलता, दारू पिऊन येता की भाजी घेऊन येता, हे ती पाहते. आईला मार खाताना पाहिलेली पोरगी पुढे स्वतःचा मारही गिळते, कारण तिला वाटतं की घर असंच असतं. म्हणून लेकीला सुखी संसार द्यायचा असेल तर तो आधी आपल्या घरात दाखवावा लागतो.

तिला लहानपणीच सांगावं की तुझ्या अंगाला कोणी नको तिथं हात लावला, मग तो ओळखीचा असो, नात्यातला असो, तर मोठ्यानं ओरड आणि घरी येऊन सांग. आणि तिनं सांगितलं तर तिच्यावर विश्वास ठेवावा, तिलाच रागावू नये. अशा गुन्ह्यासाठी २०१२ सालापासून कडक कायदा आहे, आणि १०९८ हा लेकरांच्या मदतीचा मोफत फोन आहे. पुढे तिला पाळी येईल, तेव्हा दुकानातून पॅड आणायला बापानं लाजायचं कारण नाही. मिशी वाढवायला लाज वाटत नाही, मग यालाच का?

"पण एक मुलगा पाहिजेच ना?"

हा प्रश्न तुमच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. मलाही शंभर वेळा विचारला गेला. माझं उत्तर ऐका. तीन एकराचे चार वाटे केले तर कोणाच्याच वाट्याला पोटापुरतं येत नाही. मुलाच्या आशेनं तिसरं, चौथं बाळंतपण झालं तर बाईचं रक्त जातं, आणि आधीच्या लेकींच्या ताटातलं कमी होतं. जी लेक घरात आहे तिच्या तोंडचा घास काढून, न आलेल्या मुलासाठी ठेवायचा का?

दुसरी बाजूही सांगतो. महाराष्ट्रात कुटुंबं आता लहान झाली आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आढळली. पण कुटुंब लहान करायचं आणि त्यात मुलगाच पाहिजे म्हणायचं, तर लेकींचा जीव जातो. लहान कुटुंब तेव्हाच सुखी, जेव्हा त्यात आलेली लेक मनापासून आपली असते.

म्हणून दुसऱ्या लेकीनंतर आम्ही दोघांनी ठरवलं, बस्स. बायको म्हणाली, "मी करून घेतो ऑपरेशन." मी म्हणालो, "दोन बाळंतपणं तू काढली, आता माझी पाळी." त्याच पाहणीत देशात बायांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण जवळपास ३८ टक्के होतं, पुरुषांचं फक्त ०.३ टक्के. वजन सारं बाईच्याच डोक्यावर!

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी कशी असते? तेवढीच जागा बधिर करतात. टाका नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, आठवडाभर जड ओझं आणि सायकल नाही. ताकद कमी होत नाही, नवरा-बायकोच्या सुखात फरक पडत नाही. मी त्या साली रोवण्याला चिखल केला, नांगर धरला, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं आहे! एक मात्र ध्यानात ठेवा, पहिले तीन महिने निरोध वापरावा लागतो, आणि मग वीर्य तपासून खात्री करावी लागते.

जुन्या माणसांच्या मनात १९७५ ते ७७ सालच्या सक्तीची धास्ती आहे. ती सक्ती वाईटच होती. आज कोणी कोणाला ओढून नेत नाही. कोणाला तांबी बसवायची असते, कोणाला गोळ्या, कोणाला निरोध. दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर ठेवायचं असेल तर तीच साधनं कामी येतात. नवरा-बायकोनं मिळून विचार करावा, डॉक्टरांना विचारावं, आपल्या मर्जीनं ठरवावं.

लेकीच्या नावानं

१ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची 'लेक लाडकी' योजना आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात मुलगी जन्मली की ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. सारे मिळून १,०१,००० रुपये. दुसऱ्या अपत्यानंतर आईनं किंवा बापानं कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करावी अशी अट आहे. अर्ज अंगणवाडीताईकडे मिळतो. आमच्या धाकटीचा अर्ज मी स्वतः भरला.

हे पैसे लग्नाच्या मांडवासाठी नाहीत. अठरा वर्षांआधी मुलीचं आणि एकवीस वर्षांआधी मुलाचं लग्न करायचं नाही, हा नियम १९७८ सालापासून आहे. तरी वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांपैकी जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कोवळ्या पोरीला बाळंतपण म्हणजे दोन जिवांशी खेळ. अठरा ही कायद्याची हद्द झाली. ती आपल्या पायावर उभी राहील, ही बापाची हद्द असावी.

आपण चांद्याची माणसं. महाकालीच्या यात्रेला जातो. आपल्या राणी हिराईनं राजा बीरशहा गेल्यावर दत्तक मुलगा लहान असताना राज्य सांभाळलं, नवऱ्याची समाधी बांधली, ती आजही चंद्रपुरात उभी आहे. तीनशे वर्षांपूर्वी या मातीत बाई राज्य चालवू शकली. मग आज आपली लेक एक शाळा, एक दवाखाना, एक ग्रामपंचायत चालवू शकणार नाही का?

घरी जाताना एवढं ध्यानात ठेवा

• मुलगी झाली म्हणून बाईला बोल लावू नका.
• गर्भाचं लिंग तपासू नका, तपासू देऊ नका.
• लसीचं कार्ड बापानं सांभाळावं.
• ताटात लेकीचा वाटा मुलाइतकाच.
• सोयरिकीआधी सिकलसेलची तपासणी.
• मजुरीला जा, पण लेकीची शाळा सोबत नेऊ नका.
• दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर. दोन झाल्यावर पाळणा थांबवा, मग त्या दोन्ही लेकी का असेनात.
• नसबंदीचा विचार पुरुषानं आधी करावा.

काही विचारायचं असेल तर आशाताईला, उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा गोंडपिपरीच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. नवरा-बायको दोघं मिळून जा. आणि आज रात्री घरी गेलात की लेकीला एक प्रश्न विचारा, "आज शाळेत काय शिकली गा बाई?" विचारा, आणि उत्तर संपेस्तोवर बसून ऐका. तिथूनच सुरुवात होते.

राम राम, जय सेवा, जय भीम!